गोल झाला! ...थांबा, चेक चालू आहे

डावा_विंगर:
मंडळी, साधा प्रश्न आहे. गोल झाला की ओरडायचं नेमकं कधी?

हसू नका. २१ एप्रिल २०२४, इंग्लंडच्या एफए कपची सेमीफायनल, वेम्बली. दुसऱ्या पायरीवरच्या लीगमधलं कॉव्हेंट्री ०-३ वरून मँचेस्टर युनायटेडला ३-३ वर आणतं आणि एक्स्ट्रा टाइमही सरल्यावर, १२१ व्या मिनिटाला, व्हिक्टर टॉर्प चौथा घालतो. निम्मं वेम्बली वेडं झालेलं, खेळाडू एकमेकांच्या अंगावर. मग पडद्यावर रेषा आल्या. पास सुटताना हाजी राइटच्या बुटाचं टोक डिफेंडरच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड. गोल रद्द, पेनल्टी शूटआउट, युनायटेड फायनलला. नियमाने असेलही बरोबर. पण लोकांचा जो आनंद झाला होता तो परत कसा घेणार? आणि पुढच्या गोलला तेच लोक तेवढंच ओरडतील का?

माझं मत असं की व्हीएआरने (व्हिडिओ बघून रेफ्रीचे निर्णय तपासायची पद्धत) चुका कमी केल्या असतील, पण गोल हप्त्याने मिळायला लागला. आधी अर्धा, उरलेला चौकशीनंतर. तुम्हाला काय वाटतं? व्हीएआर सोडून आणखी जे खुपतं तेही लिहा. फक्त "मग बघू नका ना" हा सल्ला नको, तो घरी फुकट मिळतो.

रात्रपाळी:
पहिला! आजचा सामना रात्री दीडला आहे. तोपर्यंत हाच धागा वाचत बसतो.

ऑफसाइड_आजोबा:
चांगला विषय. पण राइटचं बुटाचं टोक पुढे "होतं" हे आपण किती खात्रीने म्हणतो ते आधी बघा.

रेषा ओढायची जुनी पद्धत अशी. प्रक्षेपणाचे कॅमेरे सेकंदाला ५० फ्रेम घेतात. पास देणाऱ्याच्या पायाला चेंडू लागला ती फ्रेम ऑपरेटर निवडतो. मग फॉरवर्डचा आणि शेवटून दुसऱ्या डिफेंडरचा सगळ्यात पुढचा अवयव (हात सोडून) शोधायचा, त्यावर खूण ठेवायची, तिथून जमिनीवर उभी रेघ टाकायची आणि मग गोललाइनला समांतर आडवी रेष. म्हणजे माणसाच्या नजरेने निवडलेल्या तीन गोष्टी: फ्रेम, एक खांदा, एक गुडघा.

आता हिशेब करा. दोन फ्रेममधलं अंतर २० मिलिसेकंद. पूर्ण वेगात धावणारा खेळाडू सेकंदाला ८-९ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमगणिक १६ ते १८ सेंटीमीटर. डिफेंडर त्याच वेळी ऑफसाइड ट्रॅपसाठी उलट बाजूला सरकत असेल तर फरक २५ च्या पुढे. चेंडू नेमका दोन फ्रेमच्या मध्ये सुटला तर? आणि आपण निकाल देतो बुटाच्या टोकावर.

प्रीमियर लीगने (इंग्लंडची सर्वांत वरची लीग) २०२१-२२ पासून रेषा जाड केल्या आणि दोन रेषा एकमेकींना चिकटल्या तर ऑनसाइड धरायला सुरुवात केली, ती याच कारणाने. ती सवलत नसती तर आणखी कितीतरी गोल काखेवर गेले असते. हो, काखेवर. काखेच्या खालच्या कडेपर्यंत हात धरतात, त्याच्या वरचा भाग खांदा. म्हणजे शर्टाच्या बाहीतला नेमका कुठला टाका धरायचा यावर गोल ठरतो. शिंप्याचं काम आहे हे.

कोल्हापुरी_किक:
काय राव, खेळ बघायचा का मोजपट्टी! आमच्या शाहू स्टेडियमवर लाइनमनने झेंडा वर केला की विषय संपला. मग अख्खी पेठ लाइनमनला काय म्हणायचं ते म्हणते, पण तीन सेकंदांत. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस या आमच्या संघांच्या मॅचला आठ मिनिटं थांबवून बघा कुणाला.

मिडफिल्ड_मावशी:
@कोल्हापुरी, ते "आठ मिनिटं" तुम्ही गमतीने लिहिलंत, पण खरंच झालंय. १ मार्च २०२५, एफए कप, बोर्नमथ विरुद्ध वुल्व्ज. मिलोस केर्केझच्या गोलची तपासणी जवळपास आठ मिनिटं चालली. आधी हँडबॉल बघितला, मग ऑफसाइड. गंमत म्हणजे ऑफसाइड आपोआप टिपणारी सेमी-ऑटोमेटेड यंत्रणा होती, पण गोलसमोर इतकी गर्दी की तिला अवयव कुणाचा कोणता हे लागेना, मग पुन्हा हाताने रेषा. शेवटी गोल नाही.

ऑफसाइड_आजोबा:
बरोबर मावशी, आणि "यंत्र आलं की प्रश्न सुटला" म्हणणाऱ्यांनी ही मॅच आठवावी. कतारच्या वर्ल्डकपला २०२२ मध्ये छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपायचे, आणि चेंडूत सेन्सर, तो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा. तिथे फ्रेमचा वाद मिटला, कारण लाथ कधी बसली ते चेंडूच सांगतो. प्रीमियर लीगमध्ये १२ एप्रिल २०२५ पासून यंत्रणा आली, ती मैदानाभोवती लावलेल्या आयफोनांवर चालते, चेंडूत सेन्सर नाही. वेळ वाचतो हे खरं. पण ढिगाऱ्यात सात जण पडले असतील तर कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते यंत्रालाही दिसत नाही.

स्वीपर_कीपर:
थोडं उलट बोलतो. व्हीएआर काढा म्हणणारे सगळे हेन्रीचा हात विसरले का? नोव्हेंबर २००९, फ्रान्स-आयर्लंड, वर्ल्डकपची प्लेऑफ. दोनदा हाताला लागला, गोल दिला, आयर्लंड घरी. २०१० ला लॅम्पार्डचा शॉट जर्मनीविरुद्ध रेषेच्या चांगला आत पडला होता, दिला नाही. तेव्हा आपणच ओरडत होतो की टीव्हीवर अख्ख्या जगाला दिसतंय आणि एकट्या रेफ्रीला नाही.

६ जून २०२४ ला वुल्व्जने व्हीएआर बंद करायचा ठराव आणला. वीस क्लबांपैकी बाजूने फक्त वुल्व्ज, विरोधात १९. एवढे सगळे मूर्ख नसतात.

डावा_विंगर:
@स्वीपर, लॅम्पार्डचं उदाहरण इथे नको. तो गोललाइन टेक्नॉलॉजीचा मामला, त्यावर कुणाचंच भांडण नाही. रेफ्रीचं घड्याळ थरथरतं, सेकंदात निकाल. ते तथ्य आहे: चेंडू आत गेला की नाही. भांडण मतांवर आहे. हात "अनैसर्गिक" होता का, धक्का "पुरेसा" होता का.

आणि क्लबांनी ठेवला म्हणजे प्रेक्षकांना हवाय असं कुठे? मत देणारे मालक आहेत.

रूरकाठची:
मालक नसले तर काय होतं ते स्वीडनमध्ये दिसतं. तिथल्या क्लबांत ५१ टक्के मतं सभासदांची असावी लागतात. सभासदांनी क्लबांना सांगितलं व्हीएआर नको, क्लबांनी २०२४ ला महासंघाला कळवलं, विषय बंद. नॉर्वेत व्हीएआर आणला, तर जुलै २०२४ मध्ये रोसेनबोर्ग-लिलेस्ट्रॉम सामन्यात लोकांनी मैदानावर टेनिस बॉल आणि माशाचे वडे फेकले. सामना सोडून द्यावा लागला. पुढे क्लबांनी बहुमताने नको म्हटलं, तरी मार्च २०२५ च्या महासंघाच्या सभेत व्हीएआर टिकला.

कोल्हापुरी_किक:
माशाचे वडे फेकले?? आमच्याकडं खायला पुरत न्हाईत.

फातोर्डाकर:
वडे वाया घालवले हाच खरा गुन्हा. आमच्याकडे रवा लावून तळतात, फेकत नाहीत.

मिडफिल्ड_मावशी:
वड्यांवरून परत मैदानावर या.

माझी तक्रार व्हीएआरच्या यंत्राबद्दल नाही, व्हीएआरवाले बसतात त्या खोलीतल्या बोलण्याबद्दल आहे. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लुईस डियाझचा गोल, मैदानावर झेंडा वर, म्हणजे निर्णय: ऑफसाइड. खोलीत रेषा ओढल्या, ऑनसाइड निघाला. पण व्हीएआरवाल्यांची समजूत अशी की मैदानावर गोल दिलेलाच आहे. म्हणून ते म्हणाले "चेक पूर्ण". मैदानावरच्या रेफ्रीने त्याचा अर्थ घेतला की माझा निर्णय बरोबर, म्हणजे ऑफसाइड. फ्री किक घेतली गेली, काही सेकंदांत खोलीत लक्षात आलं, पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही. नंतर ते रेकॉर्डिंग प्रसिद्ध केलं, ऐकवत नाही. लिव्हरपूल ९६ व्या मिनिटाला स्वतःच्याच गोलने २-१ हरलं.

इथे कॅमेरा चुकला नाही, रेषा चुकली नाही. "मैदानावरचा निर्णय काय आहे?" हा एक प्रश्न सुरुवातीला मोठ्याने विचारला असता तर संपलं होतं. विमानात, ऑपरेशन थिएटरमध्ये ऐकलेलं वाक्य परत म्हणून दाखवायची पद्धत असते, ती इथे नव्हती.

स्वीपर_कीपर:
हे मान्य. आणखी एक भर. झेंडा उशिरा वर करण्याची पद्धत ही व्हीएआरचीच पिल्लू. गोलची शक्यता असेल तर असिस्टंटने (लाइनमनने) थांबायचं, हल्ला संपू द्यायचा, मग झेंडा. कारण लवकर झेंडा दाखवून शिट्टी वाजली आणि तो ऑनसाइड निघाला तर गोल परत आणता येत नाही. पण तोवर खेळाडू जीव तोडून धावत असतात. ११ मे २०२५ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा अवोनियी असाच ऑफसाइड असलेल्या हल्ल्यात पोस्टवर आदळला, पोटाची शस्त्रक्रिया झाली, कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. दोन-तीन मीटर पुढे असेल तर तिथेच झेंडा दाखवा ना.

रात्रपाळी:
यार हे सगळं खरं, पण भारतातून बघणाऱ्याचा वैताग वेगळाच आहे. व्हीएआर नंतर, आधी बाजूच्या फ्लॅटमधून "गोऽऽल" ऐकू येतं आणि आपल्या फोनवर अजून गोलकिक चालू असते. याला काही उपाय?

हिशेबनीस:
पूर्ण उपाय नाही, कमी करता येतं.

कारण असं: अॅपवर व्हिडिओ सलग येत नाही, तुकड्यांनी येतो. तुकडा समजा ६ सेकंदांचा. अडकू नये म्हणून प्लेअर दोन-तीन तुकडे आधी साठवतो, मग दाखवतो. इथेच १२ ते १८ सेकंद गेले. त्याआधी एन्कोडिंग आणि सर्व्हरवरून पोचणं. मिळून ३०-४० सेकंद सहज. डिश किंवा केबलवालाही काही सेकंद मागे असतोच, पण तुमच्या बराच पुढे.

आता करायचं काय. मध्येच फोन आला, नेट अडकलं, की प्लेअर तिथूनच पुढे चालू करतो, म्हणजे मूळ मागेपणात भर पडते. प्रत्येक वेळी "लाइव्ह"चं बटण दाबायचं. लाल ठिपका करडा झाला असेल तर तुम्ही मागे आहात. स्कोअरच्या अॅपची सूचना किमान त्या दोन संघांपुरती बंद. व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट, आणि लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसू नये असं सेटिंग, नाहीतर म्यूट करूनही वर पट्टी येते. क्वालिटी कमी केल्याने मागेपणा कमी होत नाही, फक्त अडकणं कमी होतं. हा गैरसमज बऱ्याच जणांना असतो.

शेजाऱ्याला मात्र म्यूट नाही.

फातोर्डाकर:
शेजाऱ्यालाच बोलवा घरी. दोघंही एकाच स्क्रीनवर फसा.

मिडफिल्ड_मावशी:
वेळांचंही एकदा लिहून ठेवते, दरवर्षी दोनदा गोंधळ होतो. इंग्लंडचे सामने उन्हाळी घड्याळात आपल्याकडे असे दिसतात: त्यांचा साडेबारा म्हणजे आपले संध्याकाळचे ५, तीन म्हणजे साडेसात, साडेपाच म्हणजे रात्रीचे १०, आठ म्हणजे साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की प्रत्येकात एक तास मिळवायचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी परत वजा. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचंही तेच: हिवाळ्यात रात्री दीड, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये साडेबारा. फायनल मात्र २०२६ पासून तिकडच्या संध्याकाळी सहाला ठेवली आहे, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. यूएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आपल्यासाठी केलं नाही, पण आपण धन्यवाद म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच प्रक्षेपण बंद, खालच्या लीगची मैदानं रिकामी राहू नयेत म्हणून. आपण ते पुण्यात, डोंबिवलीत बसून बघतो आणि मँचेस्टरमधला माणूस बघू शकत नाही.

डावा_विंगर:
हे भारी आहे. त्यांच्या गल्लीतली मॅच आणि आपल्याला तिकीट.

रूरकाठची:
पण त्याच टीव्हीमुळे मैदानावर जाणाऱ्याची वाट लागते हे लक्षात घ्या. सामना सोमवारी रात्री ठेवला की पाहुण्या संघाचा चाहता ४०० किलोमीटरवरून कामाचा दिवस बुडवून येतो. जर्मनीत लोकांनी एवढा विरोध केला की बुंडेसलिगाने २०२१-२२ पासून सोमवारचे सामने काढून टाकले.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तर लीगला गुंतवणूकदार आणायचा होता, प्रक्षेपणातल्या पैशांचा वाटा देऊन. आठवडाभर नाही, कित्येक आठवडे सामन्यांत टेनिस बॉल पडत होते. काही ठिकाणी चॉकलेटची नाणी, रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्या. कित्येक सामने बराच वेळ थांबायचे. २१ फेब्रुवारीला लीगने तो बेतच गुंडाळला. मागे बळ होतं ५०+१ चं: क्लबमध्ये निम्म्याहून एक मत जास्त सभासदांचं. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग हे जुने अपवाद. लाइपझिग कागदावर नियम पाळतं, पण मतदार सभासद मोजकेच ठेवतं, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा राग.

स्वीपर_कीपर:
आणि त्या आदर्श जर्मनीत बायर्नने २०१३ ते २०२३ ओळीने अकरा वेळा लीग जिंकली. चाहत्यांची सत्ता ठीक, पण चुरस?

रूरकाठची:
बायर्नला ५०+१ ने नाही जिंकवलं, चॅम्पियन्स लीगच्या पैशाने जिंकवलं. दरवर्षी तेच जातात, तेच कमावतात, मग बाकीच्यांचे चांगले खेळाडू तेच उचलतात. फ्रान्समध्ये ५०+१ नाही, तिथे कुठे चुरस ओसंडून वाहतेय?

हिशेबनीस:
पैशांचा विषय निघालाच आहे तर माझा खरा वैताग. हल्ली गुणतालिका बघायला सीए लागतो.

प्रीमियर लीगचा नियम: तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०५ दशलक्ष पौंड तोटा. आता खेळाडू १०० दशलक्षला घेतला तर वहीत १०० एकदम जात नाहीत, कराराच्या वर्षांवर पसरतात. पाच वर्षांचा करार असेल तर वर्षाला २०. आठ वर्षांचा केला की साडेबारा. चेल्सीने हेच केलं, मुद्रिकला आणि एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचे करार. मग आधी यूएफाने आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने पसरण्याची मर्यादा पाच वर्षं केली.

उलट बाजू जास्त खुपणारी. अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. त्याला ४० ला विकला तर ४० च्या ४० नफा, त्याच वर्षी. बाहेरून आणलेल्याला विकलं तर शिल्लक किंमत वजा होते. म्हणजे नियमच क्लबला सांगतो की घरचा मुलगा आधी विक. चेल्सीने विकलेले मेसन माउंट, कॉनर गॅलाघर. ज्याच्या नावाचा शर्ट पोरं घालतात तोच हिशेबाला सगळ्यात सोयीचा.

आणि एवढं करूनही पुरलं नाही तर स्वतःचं हॉटेल स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकायचं. चेल्सीने दोन हॉटेलं ७६.५ दशलक्षला अशीच विकली. प्रीमियर लीगने चालवून घेतलं.

शिक्षा कुणाला? एव्हर्टनला नोव्हेंबर २०२३ ला १० गुण वजा, अपिलात ते ६ वर आले, मग एप्रिलमध्ये आणखी २. फॉरेस्टला ४. मोसम चालू असताना गुण वर-खाली. शनिवारी जिंकून वर गेलेला संघ सोमवारी वकिलामुळे खाली. मँचेस्टर सिटीवरचे पैशांचे नियम मोडल्याचे ११५ आरोप फेब्रुवारी २०२३ चे, सुनावणी सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. २०२६-२७ पासून जुना नियम जाऊन संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत असा नवा येतोय. त्यातही वाट काढतीलच.

कोल्हापुरी_किक:
स्वतःचं हॉटेल स्वतःलाच विकलं. ह्याला आमच्यात वेगळा शब्द हाय, इथं लिहीत न्हाई.

फातोर्डाकर:
तुमची दुःखं ऐकून खरंच बरं वाटतंय. निदान तुमची लीग होते.

इथे आयएसएलचं (भारताची मुख्य लीग) काय झालं बघा. एआयएफएफ (भारतीय फुटबॉल महासंघ) आणि एफएसडीएल (लीग चालवणारी कंपनी) यांचा मुख्य हक्कांचा करार २०१० चा, १५ वर्षांचा, ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तरी जुलैत मोसम थांबवला, क्लबांनी सराव बंद केले, निविदा काढली तर एकही बोली आली नाही. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू, १४ संघ, प्रत्येकाशी एकदाच. एकूण ९१ सामने. म्हणजे एखादा संघ तुमच्या मैदानावर येणारच नाही यंदा. हे दुःख व्हीएआरपेक्षा मोठं, कारण आमच्याकडे व्हीएआर नाहीच.

आणि २२ ऑक्टोबर २०२५. एफसी गोवा विरुद्ध अल नस्र (रोनाल्डोचा सौदी क्लब), फातोर्डा. रोनाल्डो येणार म्हणून गावभर चर्चा, तो आलाच नाही. पण त्या सामन्याबद्दल सांगायचं ते वेगळंच. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, गोवा १-२ ने हरलं, शेवटपर्यंत लढत होतं. दुसऱ्या दिवशी देशभर मथळे "रोनाल्डो आला नाही" याचेच. आपल्या पोराने अल नस्रला गोल घातला ती बातमी तळाशी.

मिडफिल्ड_मावशी:
+१. ज्यांना वर्षभर आयएसएलचा एक सामना बघायला वेळ नसतो, ते डिसेंबरात वानखेडेवर मेस्सीने हात हलवला ते बघायला हजारो रुपये देतात. तो सामनाही नव्हता.

स्वीपर_कीपर:
चॅम्पियन्स लीगच्या नव्या रूपाबद्दल कुणीच बोललं नाही अजून? २०२४-२५ पासून ३६ संघ, प्रत्येकाचे ८ सामने, पहिले ८ थेट पुढे, ९ ते २४ प्लेऑफ. एकूण सामने १२५ चे १८९ झाले. मला आवडतं. जुन्या गटात चौथ्या सामन्यापर्यंत सगळं ठरलेलं असायचं.

डावा_विंगर:
आणि आठ सामने खेळून काय ठरलं पहिल्या वर्षी? लिव्हरपूल पहिलं, पीएसजी पंधरावं. बक्षीस म्हणून लिव्हरपूलला पुढच्या फेरीत कोण? प्लेऑफ जिंकून आलेलं पीएसजी. शूटआउटवर हरले. पंधराव्याने पुढे फायनलला इंटरला ५-० धुतलं. मग १४४ सामने कशासाठी खेळवले?

स्वीपर_कीपर:
त्यालाच नॉकआउट म्हणतात हो.

ऑफसाइड_आजोबा:
शेवटच्या रात्री १८ सामने एकाच वेळी, हेही कुणाच्या डोळ्यांना झेपत नाही. एका सामन्याकडे बघावं तर तक्ता बदलतो, तक्त्याकडे बघावं तर गोल हुकतो. २०२६ चा वर्ल्डकप ४८ संघांचा, १०४ सामने, आणि प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाणी पिण्याचा ब्रेक, हवा कशीही असो. म्हणजे चार क्वार्टर. जाहिरातवाल्यांनाही तहान लागते.

वेळेबद्दल एक चांगलंही सांगतो, फक्त तक्रारी नकोत. ९० मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ५५ ते ५८ मिनिटं. गोलकीपर चेंडू छातीशी धरून लोळायचा, सहा सेकंदांचा जुना नियम कुणी लावतच नव्हतं, कारण शिक्षा होती गोलसमोरच्या पेटीच्या आत अप्रत्यक्ष फ्री किक. इतकी जड शिक्षा द्यायला रेफ्री धजायचा नाही. २०२५-२६ पासून आठ सेकंद, शेवटचे पाच रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो, आणि चुकलं तर समोरच्याला कॉर्नर. शिक्षा हलकी केली म्हणून ती द्यायला लागले. फार हुशारीचा बदल आहे हा. आता कुणीतरी लाँग थ्रोच्या आधी टॉवेलने चेंडू पुसत बसणाऱ्यांचंही बघा.

रूरकाठची:
तिकिटांचं राहिलं. लिव्हरपूलने २०१६ मध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. २-० ने पुढे होते, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी दर मागे घेतला. त्याच मोसमानंतर सगळ्या क्लबांनी पाहुण्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची मर्यादा आणली, ती २०२५-२६ च्या मोसमातही होती. लोक उठले की होतं. बड्या क्लबांची वेगळी सुपर लीगही १८ एप्रिल २०२१ ला जाहीर झाली, २० च्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर.

डावा_विंगर:
सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेबाहेर गेला. पण मूळ प्रश्न तसाच आहे. ओरडायचं कधी?

ऑफसाइड_आजोबा:
बरं, नियमाप्रमाणे सांगतो.

गोल झाला की आधी चेंडूकडे नाही, असिस्टंटकडे बघायचं. झेंडा खाली आणि तो मधल्या रेषेकडे पळत सुटला, तर मैदानावरून गोल मंजूर. जागेवरच उभा असेल तर काहीतरी सांगायचं आहे. मग रेफ्रीचा हात. कानाला बोट लावून दुसऱ्या हाताने खेळाडूंना थोपवत असेल तर चेक लांबतोय. हवेत टीव्हीचा चौकोन काढला तर तो रिप्ले बघायला पडद्याकडे चालला, आणि पडद्याकडे गेलेला रेफ्री आपल्या निर्णयावर क्वचितच ठाम राहतो.

कुठल्या गोलवर संशय ठेवायचा? पास डिफेन्सच्या मागे सुटलेला असेल, कॉर्नरला कुणी गोलकीपरच्या अंगाला चिकटून उभा असेल, किंवा चेंडू गोल करणाऱ्याच्याच हाताला लागून गेला असेल. शेवटच्यात चुकून लागला तरी गोल नाही. साथीदाराच्या हाताला आधी चुकून लागला असेल तर २०२१ पासून चालतो. २५ मीटरवरून सरळ जाळ्यात गेलेल्यावर मोकळेपणी ओरडा, फक्त त्या हल्ल्याच्या सुरुवातीला फाउल नव्हता एवढं बघा.

आणि मध्यावरून पुन्हा किकऑफ झाला की गोलला कुणी हात लावू शकत नाही. त्यानंतर व्हीएआर मागे जातो तो फक्त मारामारी, थुंकणं, चावणं किंवा चुकीच्या खेळाडूला कार्ड असल्या गोष्टींसाठी. म्हणून पक्कं उत्तर: किकऑफची शिट्टी.

हिशेबनीस:
म्हणजे गोल, अधिक चेक, अधिक अॅपचे ४० सेकंद. शेजारी झोपल्यावर आपण ओरडायचं.

कोल्हापुरी_किक:
आम्ही गोल झाला की वरडतो. रद्द झाला की परत वरडतो. दोन्ही वेळा घसा तोच.

डावा_विंगर:
कोल्हापूरला सलाम. आजोबा, तुमचा प्रतिसाद कॉपी करून ठेवला आहे.

रात्रपाळी:
चला, दीड वाजत आला. लावतो सामना. नंतर बोलू.

मिडफिल्ड_मावशी:
@रात्रपाळी, वर वेळा लिहिल्या होत्या त्या वाचल्या नाहीत ना? एप्रिल आहे. साडेबाराला सुरू झाला.

रात्रपाळी:
अरे देवा. कुणी स्कोअर लिहू नका.

फातोर्डाकर:
एक गोल झालाय. चेक चालू आहे.